सावलीत बर्फ, उन्हात भेग

“...पण मग चूक कुणाची, ते तरी सांगा.”

विश्वजितने अर्ज वाचून संपवला होता. साडेतीन पानं, पाठपोट.

माई चराच्या काठाशी उकिडव्या बसून आतला पाइप बोटांनी चाचपत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“अक्षर चांगलं आहे तुझं,” त्या म्हणाल्या.

“अक्षराचं नाही विचारलं मी. कंत्राटदाराने पाइप वीतभर खोल पुरला. एवढ्या थंडीच्या गावात तो कमरेएवढा खोल हवा. पंचायतीने येऊन पाहिलंसुद्धा नाही.”

“खरं आहे.”

“मग अर्ज द्यायला नको?”

“दे की.”

भांडायच्या तयारीने आलेल्याला समोरचा हो म्हणाला की पुढे काय करायचं, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

गाव हिमालयात उंचावर होतं. सतरा घरं. माई मूळच्या अमरावतीकडच्या. चाळीस वर्षांपूर्वी यात्रेला म्हणून आल्या आणि राहिल्या. गावाच्या वरच्या टोकाला त्यांची कुटी. शेजारी पद्मादेवींचं घर. पद्मादेवींच्या अंगणात दोघींचा मिळून एक नळ. वरच्या झऱ्याचं पाणी प्लास्टिकच्या पाइपाने त्या नळाला येई.

तीन दिवसांपूर्वी तो पाइप फुटला.

तेव्हापासून पाणी खालच्या ओढ्यावरून. वाट गोठून काचेसारखी झालेली. पासष्ट वर्षांच्या पद्मादेवी दिवसाला चार खेपा करत होत्या. घरात सून बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. बाळंतिणीचं पाणी, बाळाचं पाणी, दुपट्यांचं पाणी. मुलगा फौजेत, दूर कुठेतरी.

पहिल्या दिवशी विश्वजित मदतीला धावला होता. तिसऱ्या वळणावर पाय घसरला. डबा ओढ्यात गेला, तो एका झुडपाला धरून वाचला. पद्मादेवींनी त्याला हाताने वर ओढलं आणि त्यानंतर त्या वाटेवर पाऊल ठेवू दिलं नाही.

आणि रेडिओ सांगत होता की परवापासून बर्फ. एकदा बर्फ पडला की चर दिसणार नाही, पाइप हाती लागणार नाही. मग चैत्रापर्यंत पद्मादेवी आणि ती वाट.

विश्वजित वीरकर. वय सव्वीस. इंजिनिअर. माण तालुक्यातला. नोकरी सोडून नऊ दिवसांपूर्वी माईंकडे साधना शिकायला आला होता. पिशवीत एक वही होती, वहीत माईंना विचारायचे सात प्रश्न. पहिल्यावरच गाडं अडलं होतं. तो विचारी, माई म्हणत, “लाकडं फोडून झाली का?”

काल पाइप त्यानेच जोडला होता. भेग तीन बोटांची दिसत होती. त्याने नेमका तेवढा तुकडा कापला, दोन टोकं जोडणारं कपलिंग बसवलं, चिकटवायला सोल्युशन लावलं आणि तासाभरात झऱ्याजवळचा कॉक उघडला.

पाणी आलं. जोडाच्या पलीकडून, पाइपातूनच, कारंज्यासारखं.

पद्मादेवी तेव्हा कळशी घेऊन नळापाशी उभ्या होत्या. थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी कळशी कमरेवर घेतली आणि ओढ्याकडे निघाल्या.

त्यानंतर तो अर्ज लिहायला बसला होता.

“आता काय राहिलंय आपल्याकडे?” माईंनी विचारलं.

“हातभर पाइप. दोन कपलिंग. सोल्युशन डबीच्या तळाला आहे.”

“म्हणजे एकदाच.”

“एकदाच.”

बाजार एकवीस किलोमीटर खाली होता आणि रस्ता बंद.

“चुलीतली काजळी आण थोडी. तेल घालून आण.”

“काजळी?”

“काहून? काळं लागेल म्हणून?”

तो घेऊन आला. माईंनी काजळी पाइपावर फासली, क्षणभर थांबल्या आणि पदराने पुसली. पाइप पुन्हा पांढरा झाला. फक्त एक काळा दोरा मागे राहिला. कालच्या जोडापासून निघालेला, केसासारखा बारीक.

“कुठवर गेलीय भेग?”

“इथवर.”

“नखाने बघ.”

त्याने नख फिरवलं. दोरा दिसायचा थांबला होता, पण नखाला अजून लागत होता. आणखी दोन बोटं.

“...इथवर.”

“आता त्याच्या चार बोटं पुढे काप.”

“पुढे? पुढे पाइप चांगला आहे, माई.”

“चांगला दिसतोय.”

“उगाच वाया जाईल.”

“वाया जाण्याचं फार भ्या आहे रे तुला.”

तो हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

“आमच्याकडे टँकर यायचा, माई. आठवड्यातून एकदा. आई आंघोळीचं पाणी परातीत धरायची. त्यात कपडे धुवायची आणि तेच मग कढीपत्त्याला. टपकणारा नळ दिसला तर मी आजही जेवणावरून उठतो. कॉलेजात आम्ही होस्टेलचे दोनशे चौदा नळ तपासले होते. एक थेंब गळू दिला नाही वर्षभर.”

“चांगलं केलंस.”

“इथल्या लोकांना पाण्याची किंमत नाही, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं.”

“हं,” माई म्हणाल्या. “कागद दे.”

“कुठला?”

माईंनी त्याच्या हातातून अर्जाचं वरचं पान घेतलं आणि पाइपाला गुंडाळलं.

“माई, तो अर्ज आहे.”

“सरळ कडेचा कागद दुसरा कुठे आहे या घरात?”

कागदाची कड कडेला जुळेपर्यंत त्यांनी तो फिरवला. मग त्या कडेने कोळशाची रेघ ओढली. बांगडीसारखी गोल.

“काल तिरपा कापलास. तिरपं टोक कपलिंगमधे पुरतं बसत नाही. या रेघेवर करवत धर.”

अर्जावर तेलकट काळी बोटं उमटली होती. कंत्राटदाराचं नाव वाचता येत नव्हतं. विश्वजितने पान घडी करून खिशात ठेवलं आणि करवत उचलली.

थंडीत प्लास्टिक कडक झालं होतं. कापताना पांढरा भुसा त्याच्या बाहीवर पडत होता.

“माझा मुद्दा तरी तोच आहे,” तो म्हणाला. “वरवर पुरला, म्हणून गोठला. गोठला, म्हणून फुटला.”

“गोठला कुठे?”

“तिकडे.” त्याने करवतीने चढावर दाखवलं. मोठ्या खडकामागे, जिथे दिवसभर ऊन पोचत नाही. तिथला बर्फ त्याने स्वतः वितळवला होता, गरम पाण्यात भिजवलेली फडकी पाइपाला गुंडाळून गुंडाळून. “चांगला दोन हात लांब डट्टा होता.”

“आणि फुटला कुठे?”

“इथे.”

“इथे तर ऊन येतं.”

करवत थांबली.

“तीस पावलं आहेत मधे,” माई म्हणाल्या. “बर्फ तिथे. भेग इथे. तू शिकलेला आहेस. मला समजाव बरं.”

त्याने खडकाकडे पाहिलं. मग चराकडे. मग खाली, अंगणातल्या नळाकडे.

“पाणी गोठताना फुगतं,” तो हळूहळू म्हणाला. “पाइपात डट्टा बसतो. डट्टा वाढतो... आणि पुढच्या पाण्याला ढकलतो. पाणी दबत नाही. मग ताण पाइपावर येतो. बर्फ आणि नळ यांच्या मधे, जिथे पाइप कच्चा असेल तिथे.”

“नेहमी?”

“नाही. पाण्याला जायला वाट नसली तरच. नळ जरासा जरी उघडा असता, धार करंगळीएवढी जरी चालू असती, तरी ताण निघून...”

...

वाऱ्याने चराच्या काठावरची माती थोडी आत पडली.

इथे आल्याच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी तो अंगणातून चालला होता. नळाची बारीक धार दगडी कुंडीत पडत होती, कुंडी भरून पाणी बांधावरून खाली वाहत होतं. आसपास कुणी नव्हतं. त्याने नळ बंद केला. चावी घट्ट होती, महिनाभर कुणी फिरवली नसावी. दोन्ही हात लावावे लागले. थेंबही पडत नाही ना, हे पाहायला तो थोडा वेळ उभाही राहिला होता.

“तो नळ मी बंद केला,” विश्वजित म्हणाला.

माई काजळीचे हात मातीवर पुसत होत्या.

“तुम्हाला माहीत होतं.”

“दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला, तेव्हा कळलं. इतका घट्ट इथलं कुणी आवळत नाही.”

“मग तेव्हाच सांगायचं होतंत. मी तीन दिवस त्या कंत्राटदाराला...”

“पाइप वरवरच पुरलाय. ते काही खोटं नाही.”

“आणि हिवाळ्यात नळ चालू ठेवतात, हे आल्या दिवशी कुणी सांगायला नको? मला कसं कळणार?”

त्याचा आवाज चढला होता. माईंनी मान हलवली.

“माझं चुकलं ते. चाळीस वर्षांत विसरून गेले की हे कुणाला सांगावं लागतं.” त्या थांबल्या. “तू काम चांगलंच केलंस, बाप्पा. गाव दुसरं होतं.”

त्याला वाटलं होतं, त्या रागावतील. त्यासाठी त्याच्याकडे उत्तर होतं.

“पद्मादेवींना माहीत आहे?”

“नळ तिच्या खिडकीसमोर आहे.”

तो उठला. पुन्हा बसला.

“सांगू का त्यांना?”

“तिला ठाऊक आहे तेच?”

“मग... नको सांगू?”

माई कापलेला तुकडा उन्हात धरून आतून पाहत होत्या.

ओढ्याच्या वाटेने पद्मादेवी वर येत होत्या. दोन्ही हातांत डबे. प्रत्येक पाऊल आधी टेकवून, मग त्यावर भार टाकून. विश्वजित अंगणात जाऊन उभा राहिला. त्या डबे खाली ठेवून दम घेईपर्यंत थांबला. मग मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, “पाइप माझ्यामुळे फुटला. नळ मी बंद केला होता.”

“हां बेटा,” पद्मादेवी म्हणाल्या. “बघत होते मी खिडकीतून. दोन्ही हातांनी आवळत होतास.”

“मग तुम्ही लगेच उघडला का नाही?”

“मला वाटलं, माईंच्या पाहुण्याचं काही व्रत असेल.”

“नळ बंद करायचं व्रत?”

“माईंकडे कसली कसली माणसं येतात. मागे एकजण आला होता, तो सहा महिने मीठ खात नव्हता. एकजण पायऱ्या उलटा चढायचा.” त्या हसल्या. दोन दात नव्हते. “जेवणं झाल्यावर मी आले होते नळापाशी. हातही लावला होता. मग म्हटलं, शिकलेला मुलगा आहे, काही विचार असेल त्याचा. कुणाचं व्रत आपल्या हाताने कशाला मोडा.”

विश्वजितने त्यांच्या हातांकडे पाहिलं. त्या बाईंच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि त्यांत तूप भरलेलं होतं.

“रागवा तरी माझ्यावर.”

“आत्ता?” पद्मादेवींनी डबे उचलले. “बाळाला आंघोळ घालायचीय.”

आणि त्या आत गेल्या.

तो परत आला तेव्हा माईंनी नवा तुकडा मापाने कापून ठेवला होता. आता पॉलिश पेपरने टोकं घासत होत्या. कडांचे बारीक काटे निघून गेले, पाइप आतून बाहेरून गुळगुळीत झाला. मग त्यांनी कोरड्या फडक्याने प्रत्येक टोक पुसलं. पुन्हा पुसलं. पदराखालून सोल्युशनची डबी काढली.

“ती पदरात कशाला?”

“सकाळपासून अंगाशी धरलीय. थंडीत आतलं थिजून गोळा होतं.”

सोल्युशन पाघळलेलं होतं. पुरेल इतकंच होतं.

विश्वजितने टोकाला ते फिरवलं, कपलिंगच्या आतूनही फिरवलं, पाइप आत सारला आणि जरा पिळला.

“आता धरून ठेव,” माई म्हणाल्या. “सोडू नकोस. तो तुला मागे ढकलेल.”

खरंच ढकलत होता. अगदी हलकेच, हातातून मागे यायला पाहत होता. काल त्याने जोड बसवून लगेच हात काढले होते, तेव्हा हे त्याला जाणवलंच नव्हतं.

किती वेळ, असं विचारायला त्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

बोटं बधिर झाली. माई शेजारी बसून होत्या. खाली पद्मादेवींच्या घरात बाळ रडलं, मग रडायचं थांबलं. केव्हातरी पाइप ढकलायचा थांबला. तरी त्याने थोडा वेळ धरून ठेवला.

अशी चार टोकं.

“कॉक उद्या याच वेळेला उघडायचा,” माई म्हणाल्या. “थंडीत एवढं लागतंच.”

कालचा विश्वजित म्हणाला असता की डबीवर तासभर लिहिलंय. आजच्याने ढगांकडे पाहिलं. पश्चिमेचं शिखर दिसेनासं झालं होतं.

“आणि बर्फ आधी आला तर?”

“तर आला.”

तो थोडा वेळ येरझारा घालत राहिला. मग पोतं घेतलं आणि गावात गेला. सतरा घरांच्या दारांत उभा राहून त्याने चुलीतली राख मागितली. भाषा धड येत नव्हती. पोतं दाखवायचं, ओढ्याच्या वाटेकडे बोट करायचं. एका म्हातारबाबांना वाटलं, माईंच्या या पाहुण्याचंही आता नवं व्रत सुरू झालं. त्यांनी हात जोडून राख दिली. दुपारभर तो वाटेवर बसून बसून सरकत, वळणावळणावर राख पसरत गेला. त्या संध्याकाळी पद्मादेवी नेहमीपेक्षा लवकर वर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ घरांवर टेकलं. ठरलेली वेळ अजून बरीच दूर होती. विश्वजित चराजवळ उभा राहिला. जोडाला हात लावला नाही. कॉककडेही गेला नाही. पद्मादेवी दोन खेपा करून आल्या. त्याने दोन्ही वेळा वाटेच्या तोंडाशी जाऊन डबे घेतले. तेवढं त्याला करू दिलं गेलं.

ठरलेली वेळ झाली आणि बर्फाचे पहिले कण पडायला लागले, तेव्हा माई म्हणाल्या, “जा. कॉकला पाव फेरा. जास्त नाही.”

तो वर गेला. माईंनी जोडावर दोन्ही तळवे ठेवले. नळ पूर्ण उघडा होता आणि त्याच्यापाशी पद्मादेवी उभ्या होत्या, दारात सून, तिच्या शालीत ते बारा दिवसांचं गाठोडं.

नळ खोकला. हवा बाहेर आली. पुन्हा खोकला. एक गढूळ घोट पडला आणि सगळं थांबलं.

...

मग पाणी आलं.

माईंनी तळवे उचलून पाहिले. कोरडे.

पद्मादेवींनी पाणी बराच वेळ वाहू दिलं. मग कळशी भरली, आणखी एक भरली. मग चावी फिरवून धार बारीक केली, करंगळीएवढी, आणि तशीच सोडून त्या घरात गेल्या. विश्वजित ती धार कुंडीत पडताना, कुंडीतून बांधावर जाताना बघत होता. त्याचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट होते.

बर्फ वाढायच्या आत त्याने पाइपावर गवताचा जाड थर घातला, वर माती ओढली आणि चर बुजवला. खडकामागच्या भागावर दुप्पट गवत घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. सगळं झाल्यावर तो माईंपुढे येऊन उभा राहिला. डोक्यावर, खांद्यांवर पांढरं साचलं होतं.

“माई, मला काहीतरी सांगा करायला.”

“आता काय राहिलं?”

“प्रायश्चित्त म्हणून. त्यांच्या घरचं पाणी मी चैत्रापर्यंत भरतो.”

“पाणी तिच्या दारात आलंय.”

“मग लाकडं फोडतो. उपास करतो. काहीही द्या, पण अवघड द्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत मला. ते सहन होत नाही.”

माई शेजारच्या छपरातून वर येणाऱ्या धुराकडे पाहत होत्या. पद्मादेवी दारात आल्या होत्या आणि हाताने बोलावत होत्या. माईंना नाही, त्याला.

“तिने तुझ्यासाठी चहा ठेवलाय,” माई म्हणाल्या. “नळाच्या पाण्याचा आहे, सोल्युशनचा वास येईल त्याला... सगळा पी.”